वेळेचं माप : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या राजेंद्र नगरात घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. बायका माप द्यायला येतात, हात वर करून उभ्या राहतात आणि तेवढ्यात बोलायला लागतात. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "काकू, वेळच पुरत नाही हो." पूर्वी मीही तोंडात टाचण्या धरून नुसती मान डोलवायचे. सहा वर्षांपूर्वी कामाच्या वेळा वहीत लिहायला लागले, ती वही मशीनशेजारी पडलेली लोकांनी पाहिली आणि मग प्रश्न सुरू झाले. तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

वेळ पुरत नाही. सुरुवात कुठून करू?

माप घेण्यापासून. शंभर रुपयांचं कापड असलं तरी मापाशिवाय त्याला कात्री लावायची आपली हिंमत होत नाही. दिवसाला मात्र बिनदिक्कत लावतो.

माझंच सांगते. अस्तराच्या ब्लाउजला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं की मी "अडीच तास" म्हणायचे. सोळा वर्षं हेच म्हणत होते. त्या हिशोबानं दिवसाला तीन ब्लाउज धरायचे आणि रोज एक मागे राहायचा. आपला हात मंदावला असं वाटून रात्री उशिरापर्यंत बसायचे. मग वही केली. त्यातल्या पहिल्या ब्लाउजची नोंद अजून आहे: अस्तर भिजवणं, वाळल्यावर इस्त्री, २० मिनिटं. कटिंग ३५. मशीन १ तास ५० मिनिटं. हुक, आकडे आणि हातानं तुरपाई ५०. गळ्याची पट्टी ओढली गेली म्हणून उसवून परत, १५. दोनदा दाराची बेल, एकदा नणंदेचा फोन, २५. सगळे मिळून सव्वाचार तास.

गंमत पाहा. कटिंग आणि मशीन यांची बेरीज केली तर जवळजवळ अडीच तासच होतात. म्हणजे माझा आकडा खोटा नव्हता. मला जे "काम" वाटत होतं तेवढंच मी मोजत होते. इस्त्री, हुक, उसवणं, बेल, यांना मी वेळच दिला नव्हता आणि ते आपापला वेळ गुपचूप घेत होते. तुमच्या स्वयंपाकातही हेच आहे. "पोळ्या काय, अर्ध्या तासात होतात." कणीक भिजवणं, तवा तापणं, शेवटी ओटा पुसणं कोण धरतं?

हा दोष माझा एकटीचा नाही म्हणून बरं वाटलं. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली यावर लिहिलं आहे. मागच्या वेळी काम लांबलं होतं हे पक्कं आठवत असूनही माणूस पुढचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत पार पडेल असंच धरतो. मराठीत याला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. माझे सासरे याला "लग्नाचं बजेट" म्हणायचे.

तर तीन दिवस लिहा. दोन कामाचे, एक रविवार. आठवडाभर लिहायचं ठरवलं तर बुधवारी वही हरवते. काम बदललं की घड्याळ बघून एक ओळ खरडायची, बस. रात्री बसून आठवून लिहू नका. आठवणीतला दिवस कडक इस्त्रीचा असतो, खरा चुरगळलेला.

पहाटे पाचला उठलंच पाहिजे का?

हा प्रश्न मला बहुतेक जानेवारीत येतो, नव्या वर्षाच्या संकल्पांबरोबर. म्हणून जानेवारीचंच उत्तर देते: नाही.

आपली घड्याळं ज्या रेषेवर चालतात ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. इंदूर आहे ७५.८६ अंशांवर, बरंच पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, असा हिशोब केला तर आपला सूर्य घड्याळाच्या साधारण साडेसव्वीस मिनिटं मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा इंदूरच्या आकाशात अजून साडेअकराच वाजलेले असतात म्हणा ना. पुण्याच्या माझ्या बहिणीचा सूर्य तर त्याहून आठ मिनिटं मागे. गंमत म्हणजे जुन्या ज्योतिषगणितात मूळ रेखांश आपल्या शेजारून, उज्जैनमधून धरला जायचा. ५५ किलोमीटर दूर. तेव्हा आपण जगाच्या वेळेवर होतो, आता अर्धा तास लेट.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इंदुरात सूर्य उगवतो सात वाजून आठ मिनिटांच्या सुमारास. जूनमध्ये पाच एक्केचाळीसच्या आसपास. जवळजवळ दीड तासाचा फरक. जानेवारीत पाचला उठलात तर दोन तास मिट्ट काळोख आणि हाडं गोठवणारी माळव्याची थंडी. चौथ्या दिवशी संकल्प रजईत जातो आणि आपण आळशी आहोत असा समज तेवढा राहतो.

"पण ब्राह्ममुहूर्त?" असं शेजारच्या आजींनी विचारलंच. त्यांना मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब करून दाखवला. एक मुहूर्त म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटं. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी सुरू होतो आणि एक मुहूर्त आधी संपतो. म्हणजे जूनमध्ये तो चार वाजून पाच मिनिटांनी लागेल, जानेवारीत थेट पाच बत्तीसला. आपल्या पूर्वजांनी पहाट सूर्यावर टांगली होती, गजरावर नाही. आजी म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं थंडीत उगाच उठले?" मी गप्प बसले.

तुम्हाला पाचला उठून बरं वाटत असेल तर उठाच. पण झोप कापून उठत असाल तर तो वेळ मिळवलेला नाही, उसना घेतलेला आहे. दुपारी तीनला तो व्याजासकट परत जातो.

इंदुरात राहून रात्री लवकर झोपणं शक्य तरी आहे का?

खरा प्रश्न हाच. "सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा" असं उगाच म्हणत नाहीत. काशीची सकाळ, लखनौची संध्याकाळ आणि आमची रात्र. उन्हाळ्यातसुद्धा माळव्यात रात्री वारा सुटतो आणि लोक घराबाहेर पडतात. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्रीनंतरही भुट्ट्याच्या किसाच्या कढईभोवती गर्दी हटत नाही. जेवण झालेलं असतं, गाऊन घातलेला असतो आणि साडेदहाला दिरांचा फोन येतो, "वहिनी, निघताय ना? गराडू सुरू झालेत." नाही म्हणणारी वहिनी या शहरात माणसातून उठते.

"रात्र थोडी, सोंगं फार" ही म्हण इंदूरला शोभते.

मी झोपेची वेळ ठरवत नाही, मागून मोजते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि त्या दिवशी मला सहाला उठावं लागतं. म्हणजे आदल्या रात्री अकराला डोळे मिटलेले हवेत, म्हणजे साडेदहाला मशीनवर कापड घालायचं, म्हणजे दहानंतर नवा ब्लाउज हातात घ्यायचा नाही. सराफा? आठवड्यातून एकच रात्र, दुसऱ्या दिवशी पाणी नसेल ती. दिरांना पाण्याचं वेळापत्रक आता पाठ झालं आहे.

चहाचंही पाहा. चहा-कॉफीतलं कॅफीन साधारण पाच तासांनी शरीरात निम्मं उरलेलं असतं. रात्री नऊला "थोडासाच" घेतलेला चहा दोन वाजताही निम्मा जागा असतो. आमच्या घरी हे कुणी ऐकत नाही, मीही अधूनमधून ऐकत नाही.

मोबाईलचं काय करू?

दुसऱ्या खोलीत ठेवा.

यापेक्षा मोठं उत्तर माझ्याकडे नाही. माझा फोन इस्त्रीच्या टेबलावर असतो, मशीनपासून सात पावलांवर. उठून जावं लागतं म्हणून निम्म्या वेळा जात नाही. गिऱ्हाइकं गळ्यांचे फोटो पाठवतात, एकीनं एका दुपारी एकतीस पाठवले होते. ते मी दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला पाहते. सगळ्यांना तसं सांगून ठेवलं आहे. पहिल्या आठवड्यात दोघी रुसल्या. नंतर सवय झाली.

एका वेळी दोन-तीन कामं केली तर वेळ वाचतो ना?

दोऱ्याचं उदाहरण सांगते. समजा सहा ब्लाउज आहेत: दोन लाल, एक मोरपिशी, दोन जांभळे, एक लाल. पूर्वी मी आलेल्या क्रमानं शिवायचे. लाल झाला की वरचं रीळ काढा, बॉबिन काढा, नव्या रंगाची बॉबिन भरा, सुईत दोरा घाला (चष्मा शोधा), चिंधीवर टीप घालून ताण बघा. पाच-सहा मिनिटं जातात. वरून ती वेळ काहीच वाटत नाही. पण दिवसात आठ वेळा दोरा बदलला की पाऊण तास गेला आणि त्यात एक टाकाही पडलेला नसतो.

आता सकाळी मी कपडे रंगांनी लावते. सगळे लाल एकदम. कटिंग एका दिवशी, हुक सगळ्यांचे संध्याकाळी मालिका ऐकता ऐकता. ऐकता ऐकता म्हणते आहे, कारण पाहत बसलं की हुक उलटे लागतात.

डोक्याचा दोराही असाच बदलावा लागतो. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवलं की अर्धवट कामावरून उठून दुसऱ्याला हात घातला तरी लक्षाचा थोडा भाग मागच्या कामाला चिकटून राहतो. म्हणजे लाल दोरा काढला, पण बॉबिनीत लालच राहिला. वरून जांभळी टीप दिसते, उलट्या बाजूला लाल. ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या भाचीला हे सांगितलं. ती सुपर कॉरिडॉरवर नोकरीला जाते. तिनं बिलं, मेल आणि मीटिंगची टिपणं यांना दिवसातल्या वेगवेगळ्या जागा दिल्या. तिच्या मते सगळ्यात जास्त फायदा मेलचा झाला. माझ्या मते तिला साडेसहाची बस मिळायला लागली, हा.

एक सूट आहे. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं अशी कामं जोडीनं चालतात. शेंगा सोलणं आणि फोनवर आईशी बोलणं. कपडे वाळत घालणं आणि पाढे म्हणून घेणं. दोन्ही कामांना डोकं लागत असेल तर जोडी जमत नाही.

ती पंचवीस मिनिटांची पद्धत खरंच चालते का?

चालते. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसानं विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकाच्या शेवटी, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर ती बसवली. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी.

मला त्यात भलतंच काही आवडलं. आपली घटका २४ मिनिटांची. दिवसरात्रीच्या साठ घटका. तळाला भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यावर ठेवायचे आणि ते भरून बुडालं की एक घटका झाली. लग्नाच्या मुहूर्तासाठी ते पात्र मांडलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. "घटकाभर बस" असं आपण म्हणतो, म्हणजे आपली आजी नेमकं चोवीस मिनिटं बस म्हणत होती, आपण समजलो उगाच थोडा वेळ.

कंटाळवाण्या कामाला ही पद्धत उत्तम: हिशोब, कपाट आवरणं, अर्ज भरणं. कटिंगला मी ती वापरत नाही. हात लागलेला असताना घंटी वाजली की कात्री चुकते.

मी घरी असते. माझा दिवस माझा नसतोच. मला हे कसं लागू होणार?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळा तोंड दिलं आहे आणि सुरुवातीला चुकीचं उत्तर दिलं आहे. "याद्या करा, आदल्या रात्री भाजी निवडा," वगैरे. एकदा एका वहिनींची तीन दिवसांची वही पाहिली आणि बोलणं बंद झालं. त्यांच्या एका सकाळची नोंद: ५:५० पाणी भरणं. ६:२० डबे. ६:५५ मुलाला उठवणं, ७:०५ परत उठवणं, ७:१० परत. ७:३० सासऱ्यांचं औषध. ७:४० कचरागाडीचं गाणं, ओला-सुका घेऊन खाली पळणं. ७:५० चहा केला, प्यायचा राहिला. ८:२० दुसऱ्यांदा चहा गरम. यात कुठली यादी घालणार मी?

सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशात जातो याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचेच. हात लावणारे होते शंभरात सव्वीस. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, आकडे २८९ आणि ८८ आले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून पेढे वाटावेत तर पुरुषांचीही नऊ कमी झाली.

तेव्हा तुमची वही पाहून आधी हे ठरवा की अडचण नियोजनाची आहे की वाटणीची. वाटणीची असेल तर कुठलीही पद्धत, घटका, टोमॅटो काही कामाचं नाही. वही जेवणाच्या टेबलावर ठेवा. भांडू नका, नुसती ठेवा. त्या वहिनींच्या यजमानांनी ती चाळली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सात दहाचं मी बघतो." मुलाला उठवण्याचं म्हणत होते ते. तीन ओळी कमी झाल्या. कचरागाडीही आता त्यांच्याकडे आहे. ओला-सुका अजून चुकतो, पण गाडीवाला दादा त्यांना ओरडतो, हिला नाही.

आमच्याकडे मला एवढं सोपं गेलं नाही. रात्रीचा ओटा आणि दूध तापवणं मुलानं घ्यायचं ठरलं. त्यानं पहिल्या आठवड्यात तीनदा दूध उतू घालवलं. मी दात-ओठ खाऊन आत बसून राहिले. उठले असते तर ते काम जन्मभर परत माझं झालं असतं.

उरलेल्या वेळात जे सुटे तुकडे मिळतात, कुकरच्या शिट्ट्यांमधले, मुलाच्या क्लासबाहेरचे, त्यांच्यासाठी एक डबा करा. माझ्या डब्यात हुक, सुई, काळा-पांढरा-लाल दोरा आणि दोन तयार ब्लाउज असतात. तुमच्यात पुस्तक असेल, विमा कंपनीला करायचा फोन असेल, काहीही. तुकडा मिळाल्यावर आता काय करू असा विचार करत बसलं की तुकडा संपतो.

लोकांना "नाही" कसं म्हणायचं?

मला बावीस वर्षांत जमलेलं नाही, पण का म्हणायला हवं ते कळलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज घेतला. पैठणीचे काठ, पाठीवर लटकन, सगळा नाजूक प्रकार. त्या आठवड्यात वहीत आधीच अकरा ब्लाउज होते. सव्वाचार तासांचा हिशोब मला तोंडपाठ होता. तरी मुलीची आई म्हणाली, "तुम्हीच करू शकता हो," आणि मी पाघळले. गुरुवारी संध्याकाळी द्यायचा होता. शुक्रवारी सकाळी साडेदहाला मी रिक्षात बसून हुक लावत होते, रिक्षा खड्ड्यातून उडाली की सुई बोटात. खालून दुसरा हुक उलटा लागला. कार्यालयाच्या खोलीत त्याच्या जागी सेफ्टीपिन लावली. मुलगी हसली, म्हणाली, "असू दे काकू, पदरात जाईल." आई हसल्या नाहीत. परत आल्याही नाहीत आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून मी नाही म्हणण्याऐवजी वही उघडते. "बघा, या गुरुवारपर्यंत रेघा भरल्यात. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सहानंतर देते. चालेल?" माणसाला वहीशी वाद घालता येत नाही. निम्म्या जणींना चालतं. काही दुसरीकडे जातात. आणि "उद्या" हा शब्द मी दुकानातून हद्दपार केला आहे. वार आणि वेळ, दोन्ही सांगायचं.

न सांगता टपकणाऱ्या पाहुण्यांवर उपाय नाही. इंदुरात "इकडून चाललोच होतो" म्हणून येणारा माणूस पोहे खाल्ल्याशिवाय जात नाही आणि जाऊही नये. मी त्यांना मशीनसमोरच्या खुर्चीत बसवते आणि तुरपाई सुरू ठेवते. फक्त कटिंग थांबवते.

सणवार आले की सगळं कोलमडतं.

कोलमडू द्या. रंगपंचमीला राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी वहीत आधीच रेघ मारून ठेवायची. त्या दिवशी काम होईल असं धरलं तरच कोलमडतं. माझी खरी चूक व्हायची ती गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात. तो रिकामा दिसायचा आणि भरपूर कामं घेतली जायची. घराची साफसफाई, मखर, माहेरची माणसं हे कुठल्या वहीत लिहिलेलंच नसायचं.

भंवरकुआँला क्लास लावलाय. दिवसाला चौदा तास अभ्यासाचं वेळापत्रक केलंय, पाळलं जात नाही.

हा माझा भाचा आणि त्याच्या खोलीतले सगळे. राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरातच, त्यामुळे त्या भागात प्रत्येक भिंतीवर एकेक वेळापत्रक चिकटलेलं दिसतं. त्यात जेवणाला वीस मिनिटं असतात आणि खोलीपासून मेसपर्यंत चालायलाच दहा लागतात.

चौदा तास मोजू नकोस, बाळा. पुस्तक मिटून किती सांगता येतं ते मोज. एक धडा वाच, पुस्तक उलटं ठेव, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. जे लिहिता आलं नाही तेवढंच परत वाच. नुसतं पिवळ्या पेनानं रंगवत सहा तास बसण्यापेक्षा असे दोन तास जड जातात, आणि जड जातात म्हणूनच राहतात. आणि झोप. वाचलेलं डोक्यात बसण्याचं मोठं काम झोपेतच होतं. रात्री दोनला टपरीवर पोह्यांबरोबर चालू घडामोडींची चर्चा करण्याला अभ्यास म्हणू नये, हे मी त्याच्या आईसमोर म्हणाले नाही.

एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात. मला का लागत नाही?

कारण एकवीस हा आकडा कुणाच्या तरी तोंडून निघून पसरलेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या सवयी दिवसागणिक मोजल्या, तेव्हा एखादी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मला ते वाचून हायसं वाटलं. माझी वही रोज लिहिण्याची सवय चौथ्या महिन्यात लागली.

नवी सवय जुन्या कामाच्या शेपटीला बांधा. "रोज चालायला जाईन" हे हवेत राहतं. "कचरागाडी गेली की चप्पल घालेन" हे पायात येतं.

कुठलं ॲप चांगलं?

दोनशे पानी वही आणि दोरीनं बांधलेलं पेन.

माझं उलटं आहे. निवृत्त झालो, वेळ जाता जात नाही.

हे आमच्या गल्लीतले एक काका. चाळीस वर्षं घड्याळावर नोकरी केली आणि आता सकाळी सातला पेपर संपला की रात्रीपर्यंत सपाट मैदान. त्यांचीही वही केली. त्यात गंमत निघाली. कामं होती, पण सगळी "कधीतरी" करायची होती, म्हणून एकही होत नव्हतं. टपाल, बँक, पेन्शनचा कागद, मित्राकडे जाणं.

त्यांना दिवसात दोनच खुंट्या ठोकायला सांगितल्या. सकाळी अकराला घराबाहेरचं एक काम, संध्याकाळी पाचला कुणातरी माणसाची भेट. सोमवारी बँक, मंगळवारी वाचनालय, बुधवारी नातवाची सायकल. एका दिवशी दोन कामं उरकायची नाहीत, उद्याचं आज तर मुळीच नाही. परवा मला म्हणाले, "आता मंगळवारी वेळ नाही हो मला." केवढ्या ऐटीत म्हणाले.

तुम्ही स्वतः हे सगळं पाळता का?

वही काढून सांगते. या महिन्यात अकराच्या आत झोपले ते सतरा दिवस. दोऱ्यांचे रंग रोज लावले. "उद्या" हा शब्द दोनदा तोंडातून गेला, दोन्ही वेळा सख्ख्या नात्यात.

हे प्रश्न लिहून काढायला दोन संध्याकाळी लागतील असं मी पहिल्या पानावर लिहिलं होतं. आज नववी आहे. मोबाईलवर मराठी टाइप करायला लागणारा वेळ मी धरलाच नव्हता. मधे पाण्याचे चार दिवस येऊन गेले, आणि नणंद येऊन गेली. समोर खुंटीवर एक मोरपिशी ब्लाउज लटकतो आहे, फक्त हुक राहिलेत, मंगळवारी सहानंतर द्यायचा आहे. आज सोमवार, रात्रीचे नऊ चाळीस. हुकांना पन्नास मिनिटं.